लॅपटॉप ‘जुना’ झाला नव्हता

‘जुना झालाय हो मॅडम. आता नवीनच घ्या.’

लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर हे वाक्य ऐकायला मिळतं आणि आपण मान डोलावून बाहेर पडतो. लॅपटॉप असतो १४ महिन्यांचा. त्याचे हप्ते अजून फिटायचे असतात. घरातला मिक्सर नऊ वर्षं चटणी वाटतोय, आजोबांचा रेडिओ खरखरत का होईना अजून बोलतोय, आणि महाडहून वर येणाऱ्या एसटीच्या वयाबद्दल तर बोलायलाच नको. लॅपटॉप मात्र १४ महिन्यांत ‘जुना’ होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मला वाटतं. बिघाड ग्राफिक्स चिपचा असेल तर फारच वाटतं. कारण या बिघाडाला इतिहास आहे. त्यात तारखा आहेत, आकडे आहेत, कंपन्यांच्या स्वतःच्या कबुल्या आहेत. तो वाचल्यावर ‘जुना झाला’ हे वाक्य शिवीसारखं ऐकू यायला लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चिप सदोष निघणं हा अपघात असू शकतो. लाखोंनी बनणाऱ्या वस्तूत कधीतरी चूक होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चूक कळल्यानंतर जे घडतं त्याबद्दल. ज्याच्या मांडीवर ते मशीन आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, कधीकधी कळतच नाही. वॉरंटीचं घड्याळ त्याच्या विरुद्ध चालतं. आणि शेवटी दोष त्याच्याच माथी मारला जातो: तुमची हवा, तुमची लाइट, तुमचा वापर. या तीन गोष्टी अपघात नाहीत. आपण निमूटपणे सोसतो म्हणून त्या पुन्हा पुन्हा होतात.

१४ महिने आणि दमट हवा

मी हिरकणीवाडीत राहते. रायगडाच्या पायथ्याची वाडी, जिथून रोपवे वर जातो. गडावर येणाऱ्या ग्रुपचे व्हिडिओ, महाड-पोलादपूर पट्ट्यातली लग्नं, हळदी, साखरपुडे यांचं एडिटिंग करते. मधल्या वेळात वाडीतल्या पोरांचे कॉलेजचे आणि म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. व्हिडिओच्या कामासाठी वेगळी ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप घेतला होता, ५८ हजारांचा, हप्त्यांवर. चौदाव्या महिन्यात स्क्रीनवर रंगीत रेघा आल्या, मग सगळीकडे चौकटी, मग काळोख. पंखा फिरतो, दिवा लागतो, चित्र नाही. वॉरंटी होती १२ महिन्यांची.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ‘अरे, ती कंपनीच तसली, तू अमुक घ्यायला हवा होतास.’ म्हणजे पुन्हा दोष माझाच.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आलं की चिप मदरबोर्डला सोल्डर केलेली असते, म्हणून अख्खा बोर्ड बदलावा लागेल. खर्च ३१ हजार. चिप गेली कशामुळे, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमच्याकडे कोकणात हवा दमट ना मॅडम. त्यात व्होल्टेजचाही प्रॉब्लेम.’ मशीन अजून उघडलंही नव्हतं. जॉबशीटवर शब्द होते दोन: ‘नो डिस्प्ले’.

मग महाडच्या एका छोट्या दुकानात दाखवला. तिथला दादा म्हणाला, ‘ताई, चिप गरम करून देतो, अडीच हजार होतील. पण गॅरंटी मागू नका. दोन महिने चालेल, सहा महिने चालेल, नाहीतर उद्याच बंद पडेल.’ एवढ्या साखळीत खरं बोलला तो हा एकटा माणूस.

हवा दमट आहे हे मलाही माहीत आहे. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दमट हवेने बोर्ड गंजू शकतो, कनेक्टरवर थर चढू शकतो. पण तो गंज झाकण उघडल्यावर डोळ्यांना दिसतो. आणि व्होल्टेजचं म्हणाल तर लॅपटॉपला भिंतीतली लाइट थेट मिळत नाही. मध्ये ॲडॉप्टर असतो. त्याच्यावर कंपनीनेच १०० ते २४० व्होल्ट चालेल असं छापलेलं असतं, आणि त्याच्याही पुढे बॅटरी असते. दमट हवा आणि व्होल्टेज ही कारणं असूही शकतात. ती तपासणीनंतर सांगायची असतात, तपासणीच्या ऐवजी नाही.

चिपच्या पोटात काय तुटतं

ग्राफिक्स चिप म्हणजे सिलिकॉनचा एक पातळ तुकडा. तो एका छोट्या पाटीवर बसवलेला असतो आणि ती पाटी मदरबोर्डवर. सिलिकॉन आणि पाटी यांना जोडतात ते सोल्डरचे अतिशय बारीक ठिपके, त्यांना म्हणतात बंप. पाटी आणि मदरबोर्ड यांना जोडतात ते त्याहून बरेच मोठे सोल्डरचे गोळे, म्हणजे बॉल. बंपांच्या मधल्या जागेत राळेसारखं एक द्रव्य भरून घट्ट केलेलं असतं, ते अंडरफिल. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तापलं की वस्तू पसरते. शाळेत रेल्वेच्या रुळांमधली फट याच धड्यात शिकलो. पण सगळ्या वस्तू सारख्या पसरत नाहीत. सिलिकॉन फार थोडं पसरतं, त्याच्या खालची पाटी त्याच्या साधारण पाच पट. एडिटिंग किंवा गेम सुरू केला की चिप ८०-९० अंशांपर्यंत जाते, बंद केला की पुन्हा खोलीच्या तापमानाला येते. दरवेळी पाटी आणि सिलिकॉन वेगवेगळ्या मापाने पसरतात आणि आकसतात, आणि मधल्या बंपांना दोन्हीकडून ओढ बसते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते. तसंच हे.

हे सगळं इंजिनिअर लोकांना माहीत असतं. त्यासाठीच तर अंडरफिल असतं. बंपाचा धातू आणि अंडरफिलचं द्रव्य यांची जोडी अशी निवडायची की ताण एकाच ठिपक्यावर न येता सगळ्यांत वाटला जाईल. जोडी बरोबर जमली तर चिप वर्षानुवर्षं चालते. चुकली तर प्रत्येक चालू-बंदसोबत भेग वाढत जाते. भेग पहिल्या दिवशी दिसत नाही, कारखान्यातल्या चाचणीत दिसत नाही. दिसते ती वर्ष-दीड वर्षाने. वॉरंटी किती असते? एक वर्ष.

हा बिघाड घरबसल्या ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. रेघा तिथेही दिसल्या तर स्क्रीन आणि तिची केबल बहुतेक निर्दोष आहे, गडबड ग्राफिक्सच्या बाजूला आहे. विंडोज सुरू होण्याआधीच्या पहिल्या पानावरही रेघा असतील तर सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही. हे माहीत नसलं की आधी स्क्रीन बदलून घेतली जाते, तिचे सात-आठ हजार जातात, आणि रेघा तिथेच असतात.

२ जुलै २००८

आता इतिहास. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की लॅपटॉपसाठी बनवलेल्या आधीच्या पिढीतल्या काही चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत, आणि दुरुस्ती व बदलीच्या खर्चासाठी कंपनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहे. कारण दिलं होतं ते चिपच्या आवरणात वापरलेल्या साहित्याची कमकुवत जोडी. म्हणजे वर सांगितलं तेच. सोबत आणखी दोन कारणं जोडलेली होती: लॅपटॉप बनवणाऱ्यांनी केलेली उष्णतेची व्यवस्था आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत. बघा, तिथेही ‘तुमचा वापर’ आहेच. कॅलिफोर्नियात कोकणचा पाऊस नव्हता, म्हणून दमट हवा तेवढी राहून गेली.

हे निवेदन कुणासाठी होतं? लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी नव्हतं. गुंतवणूकदारांसाठी होतं. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला अशी मोठी आर्थिक गोष्ट जाहीर करावीच लागते. त्याच दिवशी कंपनीने विक्रीचा अंदाजही खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी शेअर साधारण ३० टक्क्यांनी कोसळला. म्हणजे ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना एका दिवसात कळलं आणि त्यांनी हातपाय हलवले. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांना त्या निवेदनातून आपली चिप यात आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं, कारण त्यात चिपच्या मॉडेलांची यादीच नव्हती.

माझ्या सगळ्या रागाचं मूळ इथे आहे. शेअर घेणाऱ्याला दोष कळवणं बंधनकारक आणि वस्तू घेणाऱ्याला कळवणं ऐच्छिक. दोघांनीही पैसेच मोजलेले असतात.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. डेल आणि एचपी यांनी काही मॉडेलांसाठी बायोसचे अपडेट दिले. त्याने पंखा लवकर सुरू व्हायचा आणि जास्त फिरायचा. चिप कमी तापली की भेग सावकाश वाढते, म्हणून बिघाड लांबतो. बरा होत नाही. दोघांनी काही मॉडेलांची वॉरंटी वाढवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ॲपलची गोष्ट तर आणखी बोलकी. ॲपलने ऑक्टोबर २००८ मध्ये लिहून ठेवलं की आमचे मॅक यात नाहीत अशी खात्री एनव्हिडियाने आम्हाला दिली होती, पण आम्ही स्वतः तपास केल्यावर काही मॅकबुक प्रो यात आहेत असं दिसलं. ॲपलसारख्या बड्या गिऱ्हाइकाला जर सरळ उत्तर मिळत नसेल, तर महाडच्या काउंटरवर मला काय मिळणार?

अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा केला. २०१० मध्ये समझोता झाला आणि ठरावीक मॉडेलवाल्यांना दुरुस्ती किंवा बदली लॅपटॉप मिळाला. तो समझोता अमेरिकेतल्या ग्राहकांपुरता होता. चिप तीच, भेग तीच. लोणेरेच्या विद्यापीठातल्या एखाद्या पोराने तेव्हा कर्ज काढून तोच लॅपटॉप घेतला असेल, तर त्याला त्या समझोत्यात जागा नव्हती.

एवढ्यावर धडा मिळायला हवा होता. फेब्रुवारी २०११ पासून विकल्या गेलेल्या काही मॅकबुक प्रोमध्ये एएमडीच्या ग्राफिक्स चिप होत्या. त्यांनाही तेच: विस्कटलेलं चित्र, काळी स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट. लोक ओरडत राहिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, ती अमेरिकेबाहेरही लागू केली आणि आधी पैसे भरून दुरुस्ती केलेल्यांना परतावा देण्याची सोय ठेवली. म्हणजे करता येतं. वॉरंटी संपल्यावरही करता येतं, जगभर करता येतं. फक्त पहिल्या मशीनच्या विक्रीपासून त्याला चार वर्षं लागली. मधल्या चार वर्षांत किती जणांना कुठल्या काउंटरवर ‘जुना झाला’ ऐकावं लागलं असेल, तेवढं मोजायला कुणी बसलेलं नव्हतं.

गरम करून दोन महिने

महाडच्या दुकानात, लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, सगळीकडे या रोगावर एकच औषध आहे: उष्णता. हॉट एअर गनने चिप गरम करायची. जास्त पैसे दिले तर चिप उचलून खालचे बॉल नवे बसवायचे, त्याला रिबॉलिंग म्हणतात. घरगुती उपाय म्हणून हेअर ड्रायर, ओव्हन, इस्त्री असले व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील.

बरं, यातली मेख ऐका. शिसंविरहित बॉल २१७ अंशांच्या आसपास वितळतात. पण २००८ च्या त्या चिपमधले आतले बंप भरपूर शिसं असलेल्या मिश्रधातूचे होते आणि तो धातू वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. दुकानात चिप तेवढी तापवली तर तिचं भाजलेलं वांगं होईल. म्हणजे जो जोड तुटलाय तो वितळतच नाही. उष्णतेने सगळं थोडं पसरतं, भेगेची दोन टोकं एकमेकांना टेकतात, चित्र येतं. पुन्हा तापणं-निवणं सुरू झालं की टोकं सुटतात. रिबॉलिंगमध्ये तर बाहेरचे, बहुधा ठणठणीत असलेले बॉल बदलले जातात आणि आतला तुटका बंप तसाच राहतो. खरा इलाज एकच, चिपच बदलायची. तीही सुधारित साहित्याची. जुन्या साठ्यातली तीच चिप बसवली तर तीच भेग पुन्हा वाट बघत असते.

म्हणून गरम करून देणाऱ्या दुकानदाराला फसवा म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. जो आधी सांगतो की हे टिकणार नाही, त्याने काही लपवलेलं नाही. त्याच्याकडे बोर्डाचा नकाशा नसतो, कारण कंपनी तो बाहेर देत नाही. नवी चिप नसते, कारण ती सुट्या बाजारात सरळ मार्गाने मिळत नाही. त्याच्या हातात गन आहे आणि अनुभव आहे. ज्यांच्याकडे नकाशा, चिप आणि किती मशीन परत आली याचे आकडे, तिन्ही आहेत, ते ३१ हजारांचा बोर्ड सांगतात. राग काढायचा तर योग्य दारात काढा.

‘पण सगळंच कधीतरी बिघडतं ना?’

हे मला दर दुसरा माणूस ऐकवतो. बिघडतं, मान्य. बॅटरी झिजते, की-बोर्डवरची अक्षरं पुसली जातात, पंख्यात धूळ बसते. ही झीज आहे. ती वापराबरोबर येते, प्रत्येकाला येते, आणि तो भाग बदलता येतो. एकाच मॉडेलच्या एकाच चिपमध्ये, एकाच प्रकारे, नेहमीपेक्षा जास्त संख्येने येणारा बिघाड ही झीज नव्हे. तो दोष आहे. विकताना तो मशीनमध्ये होताच, फक्त दिसत नव्हता.

‘मग कंपनीने जन्मभर वॉरंटी द्यायची का?’ नाही. वॉरंटी एक वर्षाचीच ठेवा, हवं तर. पण वॉरंटी असते अनपेक्षित बिघाडासाठी. कंपनीला आधीच कळलेला दोष अनपेक्षित कसा? त्याचं घड्याळ माझ्या बिलाच्या तारखेपासून का चालावं? दीड वर्षाने उघड होणाऱ्या भेगेला एक वर्षाची मुदत देणं म्हणजे पावसाळ्यात गळणारं छप्पर मे महिन्यात तपासून ‘कोरडं आहे’ म्हणून सही करणं.

‘स्वस्तातला घेतलास म्हणून.’ मॅकबुक प्रो स्वस्त होता का?

‘आता चिप सुधारल्यात, जुनी प्रकरणं कशाला उकरतेस?’ साहित्य सुधारलं असेल. पण दोष सापडल्यावर वापरणाऱ्याला कळवायची सक्ती तेव्हा नव्हती आणि आजही मला काउंटरवर दोन शब्दांची जॉबशीट मिळते. उद्या दोष चिपचा नसेल, बिजागरीचा असेल, फोनच्या स्क्रीनवर येणाऱ्या रेघेचा असेल. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्याच्याही चिप सोल्डर केलेल्या आहेत आणि त्याचीही वॉरंटी बहुधा वर्षाचीच आहे. काउंटरवरचं वाक्य बदलणार नाही.

कायदा काय देतो आणि कुठे हात आखडतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळणं हा त्यात ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला. आम्हा रायगडवाल्यांचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते, सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते, वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. लॅपटॉपवर तुम्ही पोटापाण्याचं काम करता म्हणून तुम्ही ‘ग्राहक’ नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतःच्या रोजगारासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच धरली आहे. सारखा दोष असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकच तक्रारही करू शकतात.

इतकं सगळं छान असताना मी का चिडले आहे? कारण कळीच्या ठिकाणी कायदा हात आखडतो. ‘उत्पादन दायित्व’ नावाचं नवं प्रकरण मोठ्या थाटात आलं, पण त्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलंच नाही. लॅपटॉप पेटून माझा हात भाजला तर ते प्रकरण लागू. लॅपटॉपच मेला तर नाही, मग साध्या ‘सदोष वस्तू’च्या तक्रारीने जायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण वस्तू परत मागवायचा आदेश देऊ शकतं, पण त्या वस्तू धोकादायक किंवा असुरक्षित असतील तर. काळी स्क्रीन कुणाला इजा करत नाही. फक्त पाच लग्नांचे व्हिडिओ अडकतात आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागतात.

आणि दोष सिद्ध कसा करायचा? डोळ्यांना दिसत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची आणि तिची फी आधी तक्रारदाराने भरायची. ५८ हजारांच्या लॅपटॉपसाठी चिप कापून तिचा बंप सूक्ष्मदर्शकाखाली मीच दाखवायचा, आणि किती चिप परत आल्या याची यादी कंपनीच्या कपाटात. हा सामना बरोबरीचा नाही.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचे पत्ते मिळणं आणि दुकानदाराला बोर्डाचा नकाशा मिळणं यात बरंच अंतर आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागतात. घेण्याआधीच कळतं की ही वस्तू उघडता येते का, सुटे भाग मिळतात का. आपल्याकडे बॉक्सवर असतात फक्त चमकदार स्टिकर.

काय मागायचं

सरकारकडे आणि कंपन्यांकडे मागायच्या गोष्टी चार. एक, एखाद्या भागात नेहमीपेक्षा जास्त बिघाड दिसतोय हे कंपनीला कळलं की त्या मॉडेलच्या प्रत्येक नोंदणीकृत ग्राहकाला कळवलंच पाहिजे. ऑफरचे मेसेज रोज पाठवता येतात, मग हा एक जड नाही. दोन, अशा दोषाची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची नाही, कळवल्याच्या तारखेपासून मोजायची. तीन, दुसऱ्या कुठल्याही देशात त्या दोषासाठी मोफत दुरुस्ती दिली तर ती भारतातही द्यायची. चार, बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग बाहेरच्या दुकानदाराला वाजवी किमतीत मिळाले पाहिजेत.

आणि आपण करायच्या गोष्टी. जॉबशीटवर काय बिघडलं आणि कशावरून ठरवलं हे लिहून घ्या, ‘नो डिस्प्ले’वर सही करू नका. दमट हवा म्हणाले तर म्हणा, ‘झाकण उघडा, गंज दाखवा, फोटो काढू द्या.’ रेघा दिसत असतानाच फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. बोर्डाचा भाव ईमेलवर मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिला पैसे लागत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या मॉडेलचे आणखी किती जण रडतायत ते शोधा. एकट्याचा बिघाड नशिबावर ढकलता येतो. चाळीस जणांचा सारखा बिघाड आयोगाला कागदावर दिसतो.

आमच्या वाडीला जिचं नाव आहे तिची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, मुदत संपली, पहारेकऱ्यांनी सोडलं नाही, आणि घरी तान्हं बाळ म्हणून हिरकणी कडा उतरून गेली. लोक तिच्या धाडसाबद्दल बोलतात आणि बोलावंच. मला गोष्टीचा शेवट जास्त आवडतो. एक बाई जिथून उतरली तिथून शत्रू चढू शकतो हे महाराजांच्या लक्षात आलं. तिचं कौतुक केलं आणि त्या जागी बुरूज बांधून घेतला. ‘दरवाजे बंद झाल्यावर तू कडा उतरलीसच का, तुझी पद्धतच चुकीची’ असं कुणी तिला ऐकवलं नाही. फट दाखवून देणारी बाई गुन्हेगार ठरली नाही, फट बुजवली गेली.

तेवढंच मागणं आहे. फट आम्ही दाखवतोय, गेली कित्येक वर्षं दाखवतोय. आता बुरूज बांधा. आणि तोवर, पुढच्या वेळी काउंटरवर कुणी ‘जुना झालाय’ म्हणालं, तर मान डोलावू नका. शांतपणे विचारा: ‘नेमकं काय जुनं झालं, ते लिहून द्या.’